ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी शेतात टेप घेऊन फिरा!

दिवाळी झाली की गावातल्या कट्ट्यावर एक विषय हमखास निघतो. यंदा ट्रॅक्टर घ्यायचा! ऊस जाईल, कापसाचे पैसे येतील, कमी पडले तर बँक आहेच. मग मोबाइल बाहेर निघतात. कुठला किती एचपीचा, कुणाचा आवाज कसा, कुणाच्या बोनेटचा लूक भारी... एक जण म्हणतो, घ्यायचाच तर पन्नासचा घे, गावात वट पाहिजे. दुसरा म्हणतो, मिनी कशाला, ते तर खेळणं! तास-दीड तास चर्चा रंगते आणि त्यात एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही.

तुझ्या शेतात काम काय आहे?

दोस्तांनो, माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॅक्टर एचपी बघून घ्यायचा नसतो, काम बघून घ्यायचा असतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांचं काम लहान ट्रॅक्टरचं आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपासचं. तेही बऱ्याचदा तीन तुकड्यांत. एवढ्या रानासाठी पन्नास एचपीचं धूड दारात उभं करायचं, म्हणजे जाईल तिथं वळायलाच जागा नाही. पण उलट बाजूही ऐका. ‘मिनी स्वस्त पडतो’ म्हणून डोळे झाकून मिनी घेणाऱ्यांचीही फसगत होते. ब्लोअर जोडला की दम तोडतो, पाण्याची टाकी भरली की पुढची चाकं उचलतात, मग दोन वर्षांत निम्म्या किमतीत विकायची वेळ येते.

म्हणजे मोठा की लहान, हा वादच चुकीचा. कुठल्या कामाला कुठला, हा खरा प्रश्न.

वही काढा, कामं लिहा

शोरूममध्ये जायच्या आधी घरात बसा. आईला-वडिलांना सोबत घ्या, कारण वर्षभराची कामं तुमच्यापेक्षा त्यांना जास्त पाठ असतात. जून ते मे असे बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यासमोर काम लिहा. नांगरट, रोटा, पेरणी, कोळपणी, सरी, भर लावणं, फवारणी, शेणखत वाहणं, माल रस्त्यापर्यंत आणणं, मळणी. प्रत्येक कामाला अंदाजे किती तास लागतात आणि सध्या ते कसं होतं, तेही लिहा. बैलांनी, भाड्याच्या ट्रॅक्टरनं की मजुरांकडून?

तासांचा अंदाज कसा काढायचा? सोपं आहे. तीन फुटी रोटाव्हेटर ताशी तीन किलोमीटरनं चालला, तर वळणं आणि थांबे धरून एका तासात साधारण अर्धा एकर होतो. म्हणजे एकराला दोन तास. पाच एकर एकदा रोटा मारायला दहा तास. बस्स, असं प्रत्येक कामाचं गणित मांडा.

मग गंमत बघा. मराठवाड्यात किंवा विदर्भात पाच एकर सोयाबीन-कापूस असेल, तर रोटा, पेरणी, दोन-तीन कोळपण्या-डवरण्या आणि थोडी वाहतूक मिळून स्वतःच्या शेतातलं काम वर्षाला पन्नास-साठ तासांच्या पुढं सहसा जात नाही. याउलट नाशिककडं चार एकर द्राक्षबाग असेल तर? एका फवारणीला टाकी भरण्यासकट तीन तास धरा. हंगामात समजा तीसच फवारण्या झाल्या, तरी नव्वद तास झाले. ओळींत रोटा, खत, काड्यांची कुट्टी, क्रेट वाहणं हे वेगळं. सहज दीडशे तास.

जमीन जवळपास तेवढीच, पण काम तिपटीनं जास्त. म्हणूनच ‘किती एकरला किती एचपी’ या प्रश्नाला उत्तर नाही. एकर नको, तास मोजा.

तासाला किती पडतो?

आता पैशाचं बोलू. एक ढोबळ हिशेब करू, आकडे तुमच्या भागाप्रमाणं बदला.

समजा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फण आणि फवारणीचं यंत्र मिळून सात लाख झाले. दहा वर्षांनी सगळं दोन लाखांना विकलं. म्हणजे वर्षाला पन्नास हजारांची झीज. कर्जाचं व्याज सरासरी तीस हजार धरा. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बारीकसारीक दुरुस्ती वीस हजार. झाले वर्षाला एक लाख. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तरी हे चालूच.

वर्षाला पन्नास तास चालवलात, तर तासाला दोन हजार रुपये पडले. दीडशे तास चालवलात, तर सहाशे सत्तर. चारशे तास चालवलात, तर अडीचशे. यात डिझेल अजून धरलेलंच नाही. मिनी ट्रॅक्टर कामाप्रमाणं तासाला दोन ते तीन लिटर पितो, ते यात मिळवा. आता गावात भाड्यानं तासाचा दर काय चाललाय, तो शेजारी लिहा. उत्तर समोर आहे!

पण थांबा, हिशेब एवढ्यावर संपत नाही. काही कामं अशी असतात की ती त्याच दिवशी व्हावी लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की द्राक्षावर डाऊनी यायला वेळ लागत नाही. तेव्हा ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघणं परवडत नाही. अशा बागायतदाराला तासाचे चार पैसे जास्त पडले तरी स्वतःचा ट्रॅक्टर हवा. कोरडवाहू शेतकऱ्याचाही वाफसा चार दिवसांचाच असतो हे खरं, पण पेरणीच्या त्या चार दिवसांसाठी सात लाख अडकवायचे का, हे त्यानं स्वतःला विचारायचं. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्यात कमीपणा कसला?

टेप घ्या आणि ओळीत उभे राहा

ट्रॅक्टर घ्यायचाच ठरलं, तर पुढची पायरी शेतात आहे. तुमच्या शेतातली सगळ्यात अरुंद जागा शोधा. ती बागेची ओळ असेल, उसाची सरी असेल किंवा नाहीतर वस्तीवर जायची पाणंद असेल. तिथं टेप लावा.

नऊ फुटांची द्राक्षाची ओळ कागदावर नऊ फूट असते. पण वाय अँगलचे हात दोन्हीकडून आत येतात, पावसाळ्यात फुटवे लोंबतात, मग खरी मोकळी वाट किती उरते ते मोजा. त्यातून दोन्ही बाजूंना किमान एकेक फूट सोडा. उरली ती तुमच्या ट्रॅक्टरची आणि मागच्या अवजाराची कमाल रुंदी. बऱ्याच जणांचा ट्रॅक्टर ओळीत बसतो, पण मागचा ब्लोअर डांबांना घासतो.

उंचीही मोजा. मांडवाखाली चालवायचा असेल, तर सायलेन्सर वर आहे की खाली, हे बघा. वर असेल तर गरम धूर थेट पानांवर-घडांवर जातो. स्टेअरिंग, सीट आणि तुमचं डोकं तारांखालून जातंय का, हेही बसूनच बघायचं.

मग ओळीच्या शेवटी जा. बांधापर्यंत वळायला किती फूट आहेत? तीन पॉइंटला टांगलेलं अवजार कमी जागेत वळतं, मागं ओढायचं टाकीवालं यंत्र जास्त जागा मागतं. दहा फुटांत न वळणारा ट्रॅक्टर प्रत्येक ओळीला पुढं-मागं करत बसतो. त्यात वेळ जातो, डिझेल जातं आणि शेवटच्या झाडाची फांदीही जाते.

उसात तर ओळीच्या अंतरावरच सगळं ठरतं. साडेचार-पाच फुटी सरी असेल, तर लहान ट्रॅक्टर अंतरमशागतीला आणि भर लावायला छान चालतो. तीन फुटी सरीत त्याला घालायचा हट्ट कशाला? एकतर लागण बदला, नाहीतर पॉवर टिलर-वीडर बघा. कोकणातल्या डोंगरउतारावरच्या भाताच्या दळ्यांनाही हेच लागू. एका दळीतून दुसरीत उतरायला वाट नसेल, तर तिथं पॉवर टिलरच राजा.

एचपीच्या मागं लपलेले आकडे

आता एचपी. बोनेटवर लिहिलेला आकडा असतो इंजिनचा. रोटाव्हेटर, ब्लोअर, कुट्टी यंत्र ही सगळी चालतात पीटीओवर, आणि पीटीओला मिळणारी ताकद इंजिनपेक्षा कमी असते. अठरा एचपीच्या इंजिनकडून पीटीओवर पंधरा-सोळाची अपेक्षा ठेवा. त्यामुळं क्रम उलटा करा. आधी अवजार ठरवा, त्याच्या विक्रेत्याला विचारा की पीटीओवर किती ताकद लागते, त्यात थोडी शिल्लक धरा आणि मग ट्रॅक्टर शोधा. ट्रॅक्टर आधी आणि अवजार नंतर, ही वरात घोड्याच्या पुढं नाचत जाण्यासारखी नाही, घोडाच विसरून जाण्यासारखी आहे!

दुसरा आकडा उचलण्याच्या क्षमतेचा. माहितीपत्रकात ‘साडेसातशे किलो’ लिहिलेलं असतं, पण ते मोजलेलं असतं खालच्या लिंकच्या टोकाला. अवजाराचं वजन त्याच्याही मागं असतं, आणि जेवढं मागं तेवढं ते जड पडतं. चारशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाण्याचेच चारशे किलो, वर पंप, पंखा, लोखंड. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन सातशे-आठशे किलो. चढावर पुढची चाकं हलकी झाली, की स्टेअरिंग नावालाच उरतं. पुढं वजनाच्या प्लेटा लावता येतात का, हे आधीच विचारा.

तिसरी गोष्ट क्लचची. साधा सिंगल क्लच असेल, तर गाडी थांबवायला क्लच दाबला की पीटीओही थांबतो. फवारणी करताना किंवा रोटा अडकल्यावर हे फार त्रासाचं होतं. ज्यांचं मुख्य काम पीटीओवरचं आहे, त्यांनी ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेलंच मॉडेल बघावं. इथं पैसे वाचवू नका.

फोर व्हील ड्राइव्ह घ्यावा का? उतार असेल, चिखलणी असेल, काळ्या जमिनीत पावसाळ्यात फवारणी करावी लागत असेल, तर घ्या. चाकं कमी फिरतात, पकड चांगली मिळते. सपाट, मुरमाड रान आणि वाहतुकीचंच काम असेल, तर टू व्हीलवर भागतं. पॉवर स्टेअरिंग मात्र चैन समजू नका. दिवसभर ओळीत वळणं घेणाऱ्या पन्नाशीतल्या वडिलांच्या खांद्यांना विचारा.

सगळंच त्याच्याकडून नको

इथं आपल्या तरुणांची एक खोड आहे. वर्षातून एकदा पलटी नांगर मारायचा असतो आणि त्या एका कामासाठी आपण पंचेचाळीस-पन्नास एचपी घेतो. राहिलेले अकरा महिने तो ट्रॅक्टर त्याच्या निम्म्या ताकदीचं काम करतो आणि बागेत तर शिरतच नाही.

मला वाटतं, दहातली आठ कामं जो करेल तो लहानात लहान ट्रॅक्टर घ्यावा आणि उरलेली दोन भाड्यानं करून घ्यावीत. खोल नांगरट, कारखान्यापर्यंत ऊस वाहणं ही मिनीची कामं नाहीतच. ती मोठ्यांना करू द्या.

‘मग हप्ते फेडायला मीही भाड्यानं फिरवीन की!’ हे वाक्य तर प्रत्येक जण म्हणतो. फिरवा, पण आधी गावात किती मिनी आहेत ते मोजा. वाफसा सगळ्यांच्या शेताला एकदमच येतो, तेव्हा तुमचंही रान तयार असतं आणि गिऱ्हाईकाचंही. आणि भाड्याचे पैसे रोख मिळतात की ‘माल गेल्यावर देतो’, हे तुम्हाला चांगलं माहितीये. बागांच्या पट्ट्यात अरुंद ट्रॅक्टरला मागणी असते, तिथं हा धंदा जमू शकतो. सोयाबीनच्या पट्ट्यात फक्त त्या भरवशावर कर्ज काढू नका.

त्यापेक्षा एक जुनी गोष्ट नव्यानं करता येईल. आपल्या आजोबांच्या पिढीत इर्जिक होती, सावड होती. ज्याच्याकडं एक बैल तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायचा. शेजारशेजारच्या तीन-चार मित्रांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला तर? किंवा एकानं ट्रॅक्टर, दुसऱ्यानं रोटाव्हेटर, तिसऱ्यानं पेरणी यंत्र? मात्र पाळी कुणाची कधी, डिझेल कुणाचं, मोडलं तर खर्च कुणाचा, हे आधी कागदावर लिहा. दोस्ती टिकवायची असेल तर लिहाच. जवळच्या शेतकरी कंपनीची अवजार बँक असेल, तर तिथंही चौकशी करा.

अनुदान म्हणजे निवड नव्हे

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, हा क्रम मोडला की अनुदान गेलं. घरात आधीच ट्रॅक्टर असेल, तर फक्त अवजारासाठीही अर्ज करता येतो, हे अनेकांना माहीतच नसतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे. त्यात ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर आणि उपसाधनांसाठी ९० टक्के अनुदानाची तरतूद, मर्यादा ३ लाख ५० हजारांची धरलेली. सध्याच्या अटी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. कोटेशन घेताना कर कोणत्या दरानं लावलाय, ते बघा.

पण अनुदान मिळतंय म्हणून जो मिळेल तो ट्रॅक्टर घ्यायचा, हे चूक. ब्लोअरला बावीस एचपी लागत असताना योजनेत बसतो म्हणून अठराचा घेतला, तर वाचलेले पैसे दोन हंगामांत इंजिन खाऊन टाकतं.

सही करण्याआधी

तीन कामं करा. एक, चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरची पीटीओ ताकद, डिझेलचा खप, लिफ्ट, वळण्याची त्रिज्या, कंपनं, सगळं मोजतात. माहितीपत्रकातले रंगीत फोटो बाजूला ठेवून हा अहवाल वाचा. विक्रेता ‘बघू, मिळेल’ म्हणाला, तर तुम्हीही ‘बघू, घेईन’ म्हणा.

दोन, डेमो तुमच्याच शेतात घ्या. शोरूमच्या अंगणात सगळेच ट्रॅक्टर पळतात. तुमच्या ओळीत, तुमच्या चढावर, टाकी पूर्ण भरून चालवून बघा. चालवणारे वडील असतील, तर त्यांनाच बसवा.

तीन, तेच मॉडेल हजार तासांवर चाललेला एखादा शेतकरी शोधा आणि त्याला विचारा, पार्ट किती दिवसांत मिळतो? मेकॅनिक किती लांबून येतो? भर हंगामात चार दिवस बंद पडलेला चांगला ट्रॅक्टर आणि तालुक्याला दुरुस्त होणारा साधा ट्रॅक्टर, यात दुसराच बरा.

आणि सुरक्षेचं नावही न काढता हा विषय संपवता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींचा जीव गेला. लहान ट्रॅक्टर हलका असतो, म्हणून तो निरुपद्रवी नसतो. पीटीओच्या शाफ्टवर गार्ड हवंच. त्यात अडकलेला पदर किंवा गमछा सोडवायला वेळ मिळत नाही. मडगार्डवर पोरांना बसवून फेरी मारायची नाही. विहिरीला कठडा नसेल, तर ट्रॅक्टरच्या आधी कठड्याचा खर्च करा.

एवढं सगळं कशासाठी? कारण रील तुमची असते, पण कर्जाचा बोजा अनेकदा सातबाऱ्यावर वडिलांच्या नावासमोर चढतो. हप्ता सहा महिन्यांनी येतो आणि तो पाऊस पडला की नाही, हे विचारत नाही. दारात उभा असलेला मोठा ट्रॅक्टर बघून सोयरीक जमत असेलही, पण संसार त्या हप्त्यांतच करायचा असतो.

तेव्हा या रविवारी शोरूमला जाऊ नका. वही घ्या, टेप घ्या, आई-वडिलांना घेऊन रानात जा. अरुंद ओळ मोजा, कामं लिहा, तास मांडा. त्या हिशेबातून अठराचा येवो, अठ्ठावीसचा येवो किंवा ‘यंदा नकोच’ असं उत्तर येवो, ते तुमच्या शेतानं दिलेलं उत्तर असेल. कट्ट्यावर काय म्हणायचं ते म्हणू द्या. हप्ता भरायला त्यातलं कुणी येणार नाहीये.